घरी ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना: सॉकेटपासून स्पीकरपर्यंत काय तपासायचं

गणपतीच्या तोंडावर ठाण्यात आणि नवी मुंबईत माळ्यावरचे ॲम्प्लिफायर खाली उतरतात. पावसाळाभर दमट हवेत पडून राहिलेला सेट लावला की कधी नुसता हम येतो, कधी एकच बाजू वाजते, कधी चालू करताक्षणी फ्यूज उडतो. यातली बरीच दुरुस्ती घरी होण्यासारखी असते. सुटलेलं सोल्डर, फुगलेला कंडेन्सर (कपॅसिटर), शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर यांना कारखाना लागत नाही. मात्र प्लग काढल्यावरही ॲम्प्लिफायरमध्ये वीज शिल्लक राहते, त्यामुळे मीटरने मोजल्याशिवाय आतल्या कशालाही बोट लावायचं नाही. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या एका सवयीभोवती आहे.

आधी सॉकेट, मग सेट

तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं आणि डावं न्यूट्रलचं. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. फेज-अर्थ ८०-१०० किंवा सतत हलता आकडा आला तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात आलेलीच नाही. फेज डाव्या भोकात सापडला तर वायर उलट्या जोडल्या आहेत. जुन्या इमारतींत हे दोन्ही प्रकार सर्रास दिसतात. काही ठिकाणी अर्थ पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेला असतो. सोसायटीने प्लंबिंग बदलून प्लास्टिकचे पाइप टाकले की तो अर्थ गेला, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. अशा सॉकेटवर दुरुस्तीचं काम करू नका, आधी वायरमनला बोलवा.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारं बटण, असायला हवी. लोक तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते बघा. ती फेजवरून अंगातून जमिनीत जाणारा करंट ओळखते. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर तिला तुम्ही आणि बल्ब यांत फरक कळत नाही, ती पडणार नाही. कंडेन्सरमध्ये साठलेल्या विजेशी तर तिचा संबंधच नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक गोष्ट: बाहेरची लाइट गेली किंवा मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवरची सॉकेटं चालूच राहतात. कामाचं टेबल त्या लाइनवर घेऊ नका.

जागेचं म्हणाल तर डायनिंग टेबल चालेल, पण खाली रबरी मॅट आणि पायांत कोरड्या रबरी चपला हव्यात. पावसाळ्यात फरशीला घाम सुटतो, तेव्हा अनवाणी बसणं म्हणजे स्वतःच अर्थिंग होणं. बाल्कनीतल्या किंवा खिडकीतल्या लोखंडी ग्रिलला पाठ टेकेल अशी खुर्ची लावू नका. अंगठी, कडं, बांगड्या, मंगळसूत्र, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांवर साधा प्लास्टिकचा चष्मा असू द्या, कारण उलटा बसवलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुटतो तेव्हा त्याचं टोपण तोंडाच्या दिशेनेच येतं.

घरात दुसरं माणूस जागं असेल तेव्हाच चालू सेटवर काम करा. एमसीबी कुठली आणि ती कशी खाली करायची हे त्या माणसाला आधी हाताने करून दाखवा. कोणी विजेला चिकटलं तर त्याला धरून ओढायचं नाही. आधी सप्लाय बंद, तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने वायर दूर करायची. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, चक्कर आली असेल किंवा छातीत धडधडत असेल तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.

डब्यात कोणता सप्लाय आहे ते ओळखा

झाकण उघडताना सेटचा प्लग भिंतीतून बाहेर आणि नजरेसमोर टेबलावर हवा. मागचं बटण बंद करणं पुरेसं नाही. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो, मग सेटचं बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज आत फ्यूजपर्यंत जिवंत राहतो.

जड, मोठा ट्रान्सफॉर्मर दिसला तर जुना साधा सप्लाय. ३५-०-३५ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर डीसी साधारण अधिक-उणे ४८ ते ५० व्होल्ट मिळतात, म्हणजे दोन टोकांमध्ये १०० व्होल्ट. हलका डबा, छोटा पिवळ्या टेपचा ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी ४०० किंवा ४५० व्होल्टचा एक जाडजूड कंडेन्सर दिसला तर तो एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय). सबवूफर, साउंडबार, नवे पॉवर्ड स्पीकर याच जातीचे. त्या कंडेन्सरवर मेन्स, म्हणजे भिंतीतून येणारी वीज, सरळ डीसी होऊन ३२५ व्होल्टपर्यंत चढतात. तिसरा प्रकार व्हॉल्व्हचा. त्यात ३०० ते ४५० व्होल्ट सहज असतात, आणि पहिल्या दोन प्रकारांवर हात बसेपर्यंत त्याला बाजूला ठेवलेलं बरं. जुन्या एसी-डीसी रेडिओंपासून तर चार हात लांब राहा: त्यांचा पत्रा मेन्सच्या एका वायरलाच जोडलेला असतो.

एसएमपीएसच्या बोर्डावर बऱ्याचदा एक पांढरी रेघ किंवा सोल्डर नसलेला रिकामा पट्टा दिसतो. रेघेच्या एका बाजूला मेन्स, दुसऱ्या बाजूला ॲम्प्लिफायर. ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) आणि निळा वाय कंडेन्सर एवढीच मंडळी ही रेघ ओलांडतात. मेन्सच्या बाजूचं हीटसिंक (भागांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हे बाहेरच्या पत्र्यासारखं निरुपद्रवी समजू नका, ते जिवंत असू शकतं.

कंडेन्सर रिकामा करणं

५० व्होल्टला भरलेला १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साडेबारा ज्यूल ऊर्जा धरून बसतो. ३२५ व्होल्टचा २२० मायक्रोफॅरडचा जवळपास तेवढीच. आकडा सारखा, पण धोका वेगळा. पहिल्यावर अंगठी किंवा पक्कड आडवी पडली तर धातू वितळतो आणि हात भाजतो. दुसऱ्याचा झटका थेट अंगातून जातो.

यात एक विचित्र गोष्ट आहे. चालू सेट बंद केला की ॲम्प्लिफायर स्वतःच उरलेली वीज खाऊन टाकतो. काहीच न चालणाऱ्या सेटमध्ये ती खाणारं कोणी नसतं. एसएमपीएसची आयसी मेली असेल आणि कंडेन्सर हळूहळू रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर उडाला असेल, किंवा मुळात नसेलच, तर तो ४५० व्होल्टचा कंडेन्सर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो. दुरुस्तीला आलेला मेलेला सेट जास्त घातक असतो तो यामुळे.

स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत सोडून द्या. त्याने बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उडतो, कंडेन्सरच्या आतल्या जोडण्यांना झटका बसतो आणि वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांकडे उडतात. त्याऐवजी हे साधन करून ठेवा: २.२ किलोओहम, १० वॉटचा एक पांढरा सिमेंट रेझिस्टर. एका टोकाला वायर सोल्डर करून रबरी टोपी असलेला मगर क्लिप, दुसऱ्या टोकाला वायर आणि मल्टिमीटरची जुनी प्रोब. सोल्डरच्या जोडांवर हीट श्रिंकची नळी. खर्च चहा-वड्यापेक्षा थोडा जास्त.

काही जण ५० व्होल्टसाठी १०० ओहमचा वेगळा रेझिस्टर ठेवतात, कारण तो पाच-सहा सेकंदांत काम उरकतो. पण तोच रेझिस्टर चुकून ३२५ व्होल्टला लागला तर त्या क्षणी त्यावर हजार वॉटचा भार येतो आणि तो हातात फुटतो. रात्री अकरा वाजता कोणता कुठला हे लक्षात राहत नाही, म्हणून एकच २.२ किलोओहमचा बरा. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच. १०,००० मायक्रोफॅरड ५० वरून ५ व्होल्टवर यायला सुमारे ५० सेकंद लागतात. ३२५ व्होल्टचा २२० मायक्रोफॅरडवाला तीन सेकंदांत खाली येतो.

आता क्रम. मीटर डीसी १००० किंवा ६०० व्होल्टवर. कंडेन्सरच्या स्वतःच्या दोन पायांवर मोजा. एसएमपीएसमध्ये काळी प्रोब पत्र्याला लावून मोजलं तर आकडा चुकीचा येतो, कारण मेन्सच्या बाजूचा ग्राउंड आणि पत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग क्लिप उणे पायाला, एक हात मागे, दुसऱ्या हाताने प्रोब अधिक पायाला, दहा ते साठ सेकंद. परत मोजा. ५ व्होल्टच्या खाली आलं की एक मिनिट थांबा आणि तिसऱ्यांदा मोजा. मोठे कंडेन्सर रिकामे केल्यावरही स्वतःहून काही व्होल्ट पुन्हा दाखवतात. अधिक-उणे सप्लाय असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या रिकाम्या करायच्या, एक केला म्हणजे दुसरा झाला असं होत नाही.

शून्य दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवण्याआधी तोच मीटर, त्याच रेंजवर, चालू असल्याची खात्री असलेल्या एखाद्या डीसीवर, समजा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, लावून बघा. प्रोबची वायर आतून तुटलेली असली की सगळं जग शून्य व्होल्टवर दिसतं.

हीटसिंकला ग्राउंड समजू नका

२एससी५२०० आणि २एसए१९४३ या नेहमीच्या जोडीत मागचा धातू हा कलेक्टर असतो, म्हणजे थेट सप्लाय. मध्ये मायका, म्हणजे वीज अडवणारी पातळ चकती, असतो म्हणून हीटसिंक वाचतं. टीडीए ७२९४, टीडीए २०३० आणि एलएम ३८८६टी या आयसींची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. घरगुती जुळणीच्या सेटमध्ये मायका गाळून आयसी सरळ हीटसिंकवर आवळलेली दिसते, मग अख्खं हीटसिंक उणे ३० किंवा ४० व्होल्टवर उभं असतं. ते पत्र्याला टेकलं की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळलेली असेल तर एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर जळतो.

ट्रान्झिस्टर बदलल्यावर, सप्लाय देण्याआधी, मीटर ओहमवर ठेवून कलेक्टर आणि हीटसिंक यांत मोजा. जोडणी अजिबात दिसायला नको, म्हणजे मीटरने ओएल (अनंत) दाखवायला हवं. ओहमचा कुठलाही आकडा दाखवत असेल तर मायका तडकलेला आहे किंवा स्क्रूची प्लास्टिकची वॉशर राहिली आहे. ॲल्युमिनियम कापताना राहिलेला केसाएवढा कीस मायकाला भोक पाडतो, म्हणून पृष्ठभागावरून बोट न फिरवता कापूस फिरवा, धागा अडकला तर तिथे कीस आहे. जुन्या सेटमधल्या पांढऱ्या सिरॅमिक वॉशर घासू किंवा फोडू नका. त्यांतल्या काही बेरिलियम ऑक्साइडच्या असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसांना विषारी आहे.

सिरीज बल्बशिवाय सेट चालू करू नका

ट्रान्झिस्टर शॉर्ट होता, बदलला, सरळ सॉकेटला लावला आणि नवा ट्रान्झिस्टरही धूर काढून गेला, हा प्रकार नवशिक्यांच्या बाबतीत हटकून होतो. ड्रायव्हरमधला एखादा रेझिस्टर अजून उडालेला असतो आणि नवी जोडी त्याचा हिशोब चुकता करते. सेटच्या वाटेत फेजवर जोडलेला सिरीज बल्ब असता तर ती वाचली असती.

सामान: लाकडी किंवा पीव्हीसी बोर्ड, बल्बचा होल्डर, ६ अँपिअरचं तीन पिनांचं सॉकेट, दोन बटणं, तीन पिनांचा प्लग, दीड-दोन मीटर तीन कोअरची एक चौरस मिलिमीटर वायर. प्लगचा फेज पहिल्या बटणातून होल्डरच्या एका टोकाला, होल्डरचं दुसरं टोक सॉकेटच्या उजव्या भोकाला. न्यूट्रल सरळ डाव्या भोकाला, अर्थ सरळ वरच्या. दुसरं बटण होल्डरच्या दोन टोकांना समांतर लावा, ते दाबलं की बल्ब वगळून पूर्ण सप्लाय मिळतो. त्या बटणावर लाल टेप चिकटवा, चुकून दाबलं जायला नको.

बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. छोट्या सेटला ६० वॉट, १००-२०० वॉटच्या सेटला १०० वॉट. १०० वॉटच्या बल्बची तार गार असताना तिचा अडथळा खूप कमी असतो, पूर्ण पेटल्यावर तो ५२९ ओहम होतो. सेट निरोगी असला तर बल्बला जवळजवळ काही अडवावं लागत नाही. शॉर्ट असला तर बल्ब सगळे २३० व्होल्ट स्वतःवर घेतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवतो.

स्पीकर आणि इनपुट काढून ठेवा आणि चालू करा. बल्ब क्षणभर पेटून विझत गेला आणि जेमतेम लाल राहिला तर चांगली खूण, कंडेन्सर भरले. पूर्ण पेटून तसाच राहिला तर लगेच बंद. ब्रिज रेक्टिफायर, आउटपुट ट्रान्झिस्टर, मग ट्रान्सफॉर्मर, या क्रमाने शोधा. आधी मंद आणि मग हळूहळू उजळत गेला तर बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) जास्त आहे, ट्रान्झिस्टर तापत आहेत. एसएमपीएसच्या सेटला बल्ब लुकलुकतो. तो दर वेळी बिघाडच असेल असं नाही, सप्लाय कमी पडून तो सुरू-बंद होत असतो, तेव्हा एक पायरी मोठा बल्ब लावून बघा. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर असूनही बल्ब भक्क पेटत असेल तर त्याच्या मधला बोल्ट तपासा. बोल्टची दोन्ही टोकं पत्र्याला टेकली तर तो एक शॉर्ट झालेला वेढा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर चांगला असूनही तापतो.

सिरीज बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. त्यातून जाणारा करंट माणसाला मारायला पुरेसा असतो. डिमरस्टॅटचंही तसंच: तो व्होल्ट कमी करतो, पण मेन्सपासून वेगळं करत नाही. एसएमपीएसच्या मेन्सच्या बाजूला ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावायचा असेल तर सेटला मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच, नाहीतर प्रोबचा ग्राउंड क्लिप अर्थवर शॉर्ट करतो. स्कोपची अर्थ पिन कापणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तसं केलं की स्कोपचाच डबा जिवंत होतो.

चालू सेटवर मोजताना

काळी प्रोब क्लिपने ग्राउंडला अडकवून ठेवा, लाल एका हातात, दुसरा हात खिशात. प्रोबचं टोक सोडून बाकी धातूवर नळी चढवा. दोन पायांमध्ये प्रोब घसरली की एका सेकंदात बेस-कलेक्टर शॉर्ट होऊन सगळी साखळी जाते. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे नुसती तार, तेव्हा दर वेळी मोजण्याआधी वायरचं भोक बघा.

आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे चला. सप्लायएवढे व्होल्ट दिसले आणि तरी स्पीकर जोडला तर ८ ओहमच्या कॉइलवर ३० व्होल्टला शंभर वॉटहून जास्त उष्णता पडते आणि कॉइल जळते. मग बायस, तोही बल्ब वगळून पूर्ण सप्लायवर, कारण बल्बमधून व्होल्ट कमी मिळतात आणि आकडा फसवा येतो. सेटचं सर्व्हिस मॅन्युअल सांगेल तो आकडा खरा. माहिती नसेल तर एका ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ५ मिलिव्होल्टपासून सुरुवात करा, १० मिनिटं तापू द्या, मग वाढवा. ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर.

आवाज तपासायला आधी ८ ओहम, १०० वॉटचा रेझिस्टर हीटसिंकवर बसवून वापरा, मग एखादा टाकाऊ स्पीकर. ब्रिज जोडणीच्या (स्पीकरच्या दोन्ही टोकांना आउटपुट असलेल्या) ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, तिथे स्कोपचा क्लिप किंवा दुसऱ्या सेटचा ग्राउंड लावला की आउटपुट गेलं.

बदलायचे भाग

फ्यूजवर टी३.१५एएल२५०व्ही असं लिहिलेलं असेल तर टी म्हणजे हळू उडणारा. टोरॉइडचा सुरुवातीचा झटका तो सोसतो, एफ (लगेच उडणारा) लावला तर विनाकारण उडत राहील. एच लिहिलेल्या सिरॅमिक फ्यूजच्या जागी काचेचा लावू नका, मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटते. सिगारेटच्या पाकिटाची चांदी कधीच नाही.

मेन्सवरचा (फेज-न्यूट्रलमधला) एक्स२ आणि पत्र्याकडे जाणारा वाय२ कंडेन्सर त्याच सुरक्षा वर्गाचे घ्या. साधा ६३० व्होल्टचा पॉलिस्टर तिथे चालतो असं दुकानदार सांगेल, पण तो शॉर्ट झाला तर पेटतो किंवा फेज पत्र्यावर आणतो. दोन पिनांच्या प्लगवर पत्र्याला झिणझिण्या येतात त्या बऱ्याचदा वाय कंडेन्सरमुळे. २.२ नॅनोफॅरडमधून जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर जातात. झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल तर सेट बंद करा.

सप्लायचे कंडेन्सर ५० व्होल्टच्या रेलला (डीसी सप्लायच्या लाइनला) ६३ व्होल्टचे, कारण रात्री भार कमी झाला की मेन्स २४० च्या पुढे जातात आणि रेलही चढते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर एकाच दुकानातून एकाच लॉटचे ट्रान्झिस्टर घ्या. नकली माल सगळीकडे फिरतो, छाप पुसट आणि पाय पातळ दिसला तर परत करा.

खाडीच्या हवेत, वाशी-ऐरोलीकडे विशेष, तांब्यावर हिरवा थर येतो. तो आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) धुवा. पण सोल्डर गन बंद करून, खिडकी उघडून, आणि धुतल्यावर दोन-तीन तास पंख्याखाली वाळवून मगच सप्लाय द्या. सोल्डर ६०/४० म्हणजे त्यात ४० टक्के शिसं, काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

डबा बंद करण्याआधी

प्लगची अर्थ पिन आणि पत्रा यांत १ ओहमच्या आत यायला हवं. पत्र्यावरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून अर्थची रिंग आवळा, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर नको. मेन्सची वायर जिथे पत्र्यातून येते तिथे रबरी ग्रोमेट आणि आत ओढ धरणारा क्लॅम्प. गाठ मारून भागवू नका. डबा हातात घेऊन हलवा, आत काही खडखडलं तर तो निसटलेला स्क्रू किंवा सोल्डरचा थेंब आहे, काढल्याशिवाय झाकण लावू नका. मग सेट सिरीज बल्बवर पुन्हा एकदा चालू करा, नंतर थेट सप्लायवर दोन तास मध्यम आवाजात, कोणी घरात असताना, आणि अर्ध्या तासाने झाकणावर हात ठेवून बघा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल इतकं गरम झालं तर प्लग काढा आणि बायस पुन्हा मोजा.